उजवीकडचं वर्तुळ

शलाकाचं उजवीकडचं वर्तुळ फसलं ते सगळ्यांनाच दिसलं. सुभानपुऱ्याच्या स्केटिंग रिंकवर पांढऱ्या रंगाने दोन मोठी वर्तुळं काढली होती, एकमेकांना चिकटून. परीक्षा म्हणजे एवढंच: एका पायावर, रेष न सोडता, एक वर्तुळ उजवीकडे आणि दुसरं डावीकडे. डावं तिने झोकात घेतलं. उजव्यात मात्र वीतभर बाहेर गेली आणि दुसरा पाय टेकला.

"बडोद्याची सगळी पोरं इथेच मार खातात," अरविंद सर कठड्याशी उभ्या असलेल्या तिच्या आईला म्हणाले. "दर नवरात्रीत गरब्यात डावीकडेच गोल फिरायचं. अंगालाच सवय लागते हो."

कौशल्याची नजर परीक्षक बाईंवर होती. अहमदाबादहून त्या वर्षातून एकदाच येत. आज नापास म्हणजे अख्खं वर्ष याच पायरीवर, आणि बारा वर्षांच्या पोरीला वर्ष केवढं मोठं! केबलवर बर्फावर नाचणाऱ्या मुली बघून तिला हे वेड लागलं होतं. बडोद्यात बर्फ फक्त गोळेवाल्याकडे, म्हणून पायात चाकं.

बाईंनी चष्मा वर सरकवला. "बेटा, जमणी बाजू फरीथी. एक ज वार."

उजवी बाजू पुन्हा, पण एकदाच. शलाका मध्यावर जाऊन उभी राहिली. रिंकवर चिडीचूप, कारण परीक्षा चालू असताना आवाज करायचा नाही असा नियम. तो तिच्या आजोबांना, पिलाजीरावांना, कुणी सांगितला नव्हता. किंवा सांगितला होता आणि त्यांनी मनावर घेतला नव्हता. त्यांनी काठी काखेत मारली आणि टाळ्या द्यायला लागले. चक्क गरब्याच्या.

"आबा, अहो!" कौशल्या ओशाळली. सर त्यांना थांबवायला धावले.

"ताळीनो वांधो नथी," बाई हसू दाबत म्हणाल्या.

मग काय, टाळ्यांना बाईंचीच हरकत नाही म्हटल्यावर सगळा कठडाच टाळ्या द्यायला लागला. शलाका निघाली. आज गरबा उलटा फिरत होता आणि समोरून येऊन धडकायला कुणी नव्हतं. तिचे खांदे सैल झाले. अर्ध्या वर्तुळात तर ती हसायलाच लागली, पण चाकांनी रेष सोडली नाही. सुरुवात केली होती तिथेच येऊन ती थांबली.

"पास," बाई म्हणाल्या.

कौशल्याला रडू फुटलं, आनंदाने. शलाका स्केटसकट येऊन कठड्यावर आदळली, तिला आबांनी सावरलं.

"कितवा नंबर?"

"यात नंबर नसतो, आबा. समोर दुसरं कुणी नसतंच. एकटीनेच करायचं असतं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्या रिंकला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सूनबाई, ऐकलंत? आमच्या नातीसमोर उभं राहायला कुणी आलंच नाही!"