डाव्या कुशीवर

"डाव्या कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आयुष्यभर तालमीत पोरांना अंग कमवायला शिकवलेले दौलतराव वस्ताद, मागून उघड्या झग्यात मुकाट वळले. मागच्या वाटेनं थंडगार नळी आत शिरली. प्रोस्टेटचा तुकडा काढणारी सुई खटकन वाजली, की दर वेळी त्यांना स्वतःच्याच देहाची किळस येत होती.

घरी आल्यावर लघवी लाल झाली. संडासाच्या भांड्यावर उडालेले शिंतोडे त्यांनी नाक मुरडत स्वतःच घासून काढले. बाहेर सून, शैला, उभी होती.

"मामंजी, रक्त जातंय का?" भाजीत मीठ आहे का विचारावं इतक्या सहज तिनं विचारलं. "थोडे दिवस जाणारच म्हणालेत. ताप आला तर मात्र लगेच सांगा."

"काही नाही," ते खेकसले. सुनेशी असलं बोलायचं म्हणजे शिसारीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना हुडहुडी भरली. घोंगडी पांघरूनही दात वाजत होते. अंथरूण ओलं झालं होतं आणि त्याचा वास नाकातून जात नव्हता. शैला जेवणाचं ताट घेऊन आली, तसं त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"ताप आलाय," शेवटी ते म्हणाले. "आणि अंथरूण खराब केलंय मी."

तिनं ताट खाली ठेवलं, नवऱ्याला हाक मारून गाडी काढायला लावली आणि कपाटातून धुतलेलं धोतर घेतलं. दौलतरावांची किळस तशीच होती. तरी उठवायला तिनं पुढे केलेला हात त्यांनी धरला.