राघूची मेंढरं

मेथीचे तिन्ही वाफे साफ झालेले. चवळईचा देठसुद्धा उरला नव्हता. वांग्याची रोपं मोडून पडलेली, अन् मधे सगळीकडं लेंड्या.

“कुणाची गं ही अवदसा?” बायडाबाईनं डोक्यावरचा हंडा धाडकन खाली ठेवला. “चार दिसांवर पाडवा आला की!”

पेठच्या अलीकडं ही वाडी. तिथल्या अकरा बायकांनी शाळेमागच्या पडीक जागेत ही बाग उठवलेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी काही देणार नव्हतं. अंगणवाडीतल्या पोरांच्या खिचडीत चार हिरवी पानं पडावीत, एवढ्यासाठी हापशावरून हंडे वाहून वाहून सगळ्यांच्या माना दुखत होत्या. पाडव्याला भाजीची पहिली पाटी जायची होती.

सरूबाई या सगळ्यांची पुढारी. संध्याकाळी काट्याचं कवाड लावायचं काम तिचं. अन् काल तिनं ते लावलंच नव्हतं. टीव्हीवरची मालिका सुरू होईल म्हणून पळाली होती.

पहाटे गोठ्यात गेली तर दावी तुटलेली. दोन्ही शेळ्या दारात बसून रवंथ करतायत. पोटं ढोलासारखी, अन् तोंडाला मेथीचा वास. कुणी बघायच्या आत तिनं दोघींना पुन्हा बांधून टाकलं.

कारण नियम तिचाच होता. ज्याचं जनावर शिरंल, त्या बाईला बाग बंद. संक्रांतीला बायडाबाईचं वासरू दोन रोपं खाऊन गेलं, तर सरूबाईनं तिला महिनाभर आत पाऊल ठेवू दिलं नव्हतं. बायडाबाई कुंपणाबाहेर उभी राहून रडली होती. सगळ्यांनी बघितलं होतं.

आता तीच बायडाबाई लेंडी उचलून बघत होती.

“शेळ्याबिळ्या न्हाईत ना कुणाच्या?” ती म्हणाली. “सरूबाई, तुमच्या दोन हायेत की.”

“माझ्या दावणीला हायेत!” सरूबाई एवढ्या जोरात ओरडली की हापशावरची कुत्री उठून पळाली. अन् पुढचं तिच्या तोंडून आपोआप गेलं. “राघूची मेंढरं असतील. नुकताच कोकणातनं आलाय न्हवं तो? दोन-चार फुटली असतील कळपातनं.”

झालं. बोलून गेली ते गेलीच. बायकांतली धोंडाबाई टेकडीपलीकडं धनगराच्या पालावर जाऊन राघूला घेऊन आली.

राघू आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. साठीचा गडी, पण यंदा फारच वाळलेला दिसला. तो बागेत उकिडवा बसला. लेंडी चिमटीत फोडली. मोडक्या वांग्यावरून बोट फिरवलं. मग मान वर करून थेट सरूबाईकडं बघितलं.

सरूबाई चटकन मोडकी रोपं उचलायला वाकली. धनगराला मेंढी-शेळीतलं कळत नाही, असं होईल का?

“राघू, तुझी मेंढरं हायेत का ही?” धोंडाबाईनं विचारलं. “खरं सांग, बाबा.”

राघूनं हातातली लेंडी टाकून दिली. मग म्हणाला, “व्हय. माझीच.”

“बघा! लाज न्हाई वाटत?” बायडाबाई उसळली. “पोरांच्या तोंडातलं खाल्लंत की रं! कळप केवढा हाय तुझा?”

“दोनशाच्या वर.” राघूचा आवाज एकदम चढला. “लई झालीत. आवरत न्हाईत.”

“मग दोन राती बसव इथं. फुकट. खत तरी पडंल, पुन्यांदा पेरू.”

“बसवतो की.” राघू उठला, घोंगडी झटकली अन् ताठ मानेनं निघून गेला.

बायका माती सारखी करायला लागल्या. सरूबाईचा खुरप्याचा हात काही चालेना. म्हाताऱ्यानं ओळखलं, अन् आपली अब्रू झाकली. आपण त्याला चारचौघींत चोर केलं, अन् तो आपल्यासाठी चोर झाला. दिवसभर तिला भाकर गेली नाही. बायडाबाई जाताना म्हणाली, “सरूबाई, मघाशी तुमच्यावर संशय घेतला, मनावर नका घेऊ.” ते तर कानाखाली मारल्यासारखं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेरभर बाजरी पदराखाली घेऊन ती टेकडी चढली. आधी राघूचे पाय धरायचे. मग खाली येऊन बायकांना सांगायचं. बाग बंद तर बंद.

पलीकडं तंबूवजा पालापुढं राघूची बायको तुकाबाई एकटीच चुलीशी बसलेली. राघू नव्हता. मेंढरं चरायला गेली असतील.

“तुकाबाई,” सरूबाई उभ्या उभ्याच बोलली, बसली असती तर बोलता आलं नसतं. “बागेत माझ्या शेळ्या शिरल्या व्हत्या. मी खोटं बोलले.”

“ठाव हाय.” तुकाबाईनं भाकर उलटली. “लेंडी बघूनच वळखलं त्यांनी.”

“मला वाचवाया कबूल झाला गं तो. माझ्यापायी मेंढरं बसवणार. त्याला म्हणावं, नको. कुठल्या रानात हाय, मीच जाऊन सांगते.”

तुकाबाईनं तव्यावरची भाकर उतरवली.

“तुमच्यापायी न्हाई, बाई,” ती म्हणाली. “अन् रानात बी न्हाईत. पहाटंच आळेफाट्याकडं गेल्यात, माझ्या भावाकडं. दोन रातींपुरती मेंढरं मागाया.”

“अन् तुमची?”

“कोकणात रोग पडला. एक बी माघारी आली न्हाई.” तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. “मेंढरांबिगर धनगर, गावात तोंड कसं दावावं? चार दिस झालं, आमचं मालक ह्या पालातनं बाहेर पडलं नव्हतं. काल तुमी चारचौघींत म्हणलात ‘राघूची मेंढरं’. घरी आलं, अन् कोकणातनं आल्यापासनं पहिल्यांदा पोटभर जेवलं.”