दहा मिनिटं बस

"लायसन्स," हवालदार म्हणाला, आणि टेम्पोच्या खिडकीतून हात घालून सरळ किल्लीच काढून घेतली.

निळा टेम्पो लाल सिग्नल तोडून आलेला. तोही कसा, तर डावीकडून, फुटपाथला घासत, आणि ड्रायव्हरचं तोंड समोर नाहीच, बाजूला! हवालदाराच्या तोंडातली शिट्टी पडायचीच बाकी होती.

आता हा हवालदार कोण, तर चौकीत याला सगळे पावती म्हणायचे. कारण एकच, हा कुणाला सोडत नाही. स्वतःच्या सासऱ्याला हेल्मेट नाही म्हणून भर चौकात अडवलेला माणूस! सासरा वर्षभर जावयाशी बोलला नाही, तर हा म्हणतो, बरं झालं, दोघांचंही डोकं शाबूत राहिलं.

"साहेब, जाऊ द्या. घाई आहे."

"घाई सगळ्यांनाच असते. मी काय इथे हवा खायला उभा आहे?" त्याने लायसन्स उलटसुलट करून बघितलं, चलानच्या मशीनमध्ये नंबर टाकला. "अरे वा! या वर्षात दोनदा. तिसऱ्यांदा लायसन्स जमा, माहितीय ना? चल, घे गाडी बाजूला. चौकीत बसून बोलू निवांत."

ड्रायव्हर पांढराफटक पडला. चाळिशीचा माणूस, दाढी अर्धीच केलेली, एका गालावर साबण तसाच वाळलेला.

"साहेब, आई गेली."

हवालदाराचं बोट मशीनवरच थांबलं.

"कधी?"

"सकाळीच. नऊ वाजता. मी दाढी करत होतो. वळून बघतो तर गेली."

"अरेरे. आणि तू हा असा कुठे निघालास?"

"पुलापलीकडे आमचं जुनं घर आहे. तिकडे."

"भाऊबंदांना सांगायला, होय ना? मग एवढा जीव तोडून कशाला पळवतोस? गेलेलं माणूस काय परत येणार आहे?"

ड्रायव्हर त्याच्याकडे बघतच राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात हवालदाराने मशीन पिशवीत टाकलं आणि चेन ओढली.

ड्रायव्हरने तोंड मिटलं.

"फोन करून कळवायचं ना."

"फोन घरीच राहिला, साहेब. आता जाऊ ना?"

"थांब. आधी इथे बस." हवालदाराने त्याला खाली उतरवून खांबाजवळच्या कट्ट्यावर जवळजवळ ढकललंच. स्वतःची पाण्याची बाटली हातात दिली. "हात बघ कसे कापतायत. अशा हाताने गाडी चालवायची नाही. माझी आई गेली ना, तेव्हा मी असाच निघालो होतो बाईकवर. समोरचा खांब दिसलाच नाही. पाय तीन महिने प्लास्टरमध्ये, आणि आईचं तोंड शेवटचं बघायचं ते राहूनच गेलं. दहा मिनिटं बस. मग जा."

"दहा मिनिटं नाहीयेत, साहेब."

"आहेत. अशा वेळी सगळे थांबतात रे."

कमरेचा वॉकीटॉकी खरखरायला लागला. हवालदाराने त्याचा आवाज पार बारीक करून टाकला. दुःखातल्या माणसासमोर ती खरखर बरी दिसत नाही.

"आजारी होत्या?"

"विसरायचा आजार. दोन वर्षं झाली. मला ओळखत नाही. दादा म्हणते."

"म्हणायची," हवालदार हळूच म्हणाला. "होतं असं. पहिले काही दिवस तोंडात ‘म्हणते’च येतं."

ड्रायव्हरने मान खाली घातली.

"एका अर्थी सुटल्या म्हणायचं," हवालदार म्हणाला.

"हो. सुटली."

ड्रायव्हरचं लक्ष मात्र रस्त्यावर. येणारी-जाणारी प्रत्येक बाई तो पार मान वळवून बघत होता. हवालदाराला कळलं. त्यालाही तेव्हा महिनाभर दिसेल त्या म्हातारीत आईच दिसायची.

"रड," तो म्हणाला. "लाजू नको. मी तोंड फिरवतो."

"साहेब, खरं सांगू का—"

"काही सांगू नको. मला सगळं कळतं."

"नाही, तसं नाही. चूक माझीच आहे, मी जरा लक्ष—"

"सगळ्यांना असंच वाटतं! मीही वर्षभर तेच घोकत होतो. तेव्हा हे केलं असतं तर, ते केलं असतं तर. काही होत नसतं रे. वेळ आली की आली."

ड्रायव्हर ताडकन उठला आणि हात जोडले. "किल्ली द्या, साहेब. पाया पडतो तुमच्या."

हवालदाराने घड्याळ बघितलं. "दहा तर होऊन गेली. पण आधी पाणी संपव."

ड्रायव्हरने ती बाटली उभ्या उभ्या घशात ओतली, अर्धी शर्टावर. रिकामी बाटली पुढे धरली आणि दुसरा हात किल्लीसाठी पसरला. हवालदाराला गलबलून आलं. दहाची पंधरा मिनिटं झाली होती. त्याने किल्ली आणि लायसन्स परत दिलं, वर स्वतः चौकाच्या मधोमध जाऊन उभा राहिला, शिट्टी मारली, चारी बाजूंच्या गाड्या अडवल्या. एक रिक्षावाला ओरडला, "कोण मंत्री आलाय का?" हवालदाराने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचा शब्द त्याने गिळलाच.

"सावकाश जा रे!"

टेम्पो सुसाट पुलाच्या दिशेने गेला. अख्ख्या नोकरीत हवालदाराने पहिल्यांदा कुणाला तरी सोडलं होतं. ऊर भरून आला होता त्याचा. त्याने डोळे पुसले, टोपी नीट केली आणि वॉकीटॉकीचा आवाज वाढवला.

"...तिसऱ्यांदा सांगतोय, सगळे चौक ऐका. सकाळी नऊला घरातून निघून गेलेली म्हातारी पुलावर गाड्यांच्या मधोमध फिरतेय. कुणालाच जवळ येऊ देत नाहीये. मुलगा निळ्या टेम्पोतून तिला शोधतोय, घरून त्याच्या मुलीने कळवलंय. टेम्पो दिसला तर अडवू नका, ताबडतोब पुलाकडे सोडा."

मग थोडा वेळ नुसती खरखर.

मग दुसराच आवाज, दमलेला. "कंट्रोल, राहू द्या आता. पंचनाम्याला माणूस पाठवा."