शिडाच्या बोटीचा बेत

बेटाबेटांतून हिंडण्यासाठी आठवडाभर शिडाची बोट भाड्याने घ्यायची, असे मी जाहीर केले आणि जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.

“आई, या वयात बोट झेपेल तुला?” थोरल्याने चाचरत विचारले.

“तुम्हा तिघा भावांना झेलले मी! समुद्राचे काय घेऊन बसलास?”

सगळे खो खो हसले. “आई, पुढची केबिन तुमची,” धाकट्या सुनेने निकालच लावला.

तेवढ्यात समोरच्या पेल्यांतले पाणी एका अंगाला कलले. वाऱ्याने झुकलेल्या बोटीत कलते, अगदी तसे. टेबल मात्र स्थिर होते. पडदेही हलत नव्हते.

“बोट निघाली!” नातवंडांनी टाळ्या पिटल्या.

मीही हसत हसत माझा पेला पुढे ओढला.

बाकीच्यांचे पाणी अजून कललेलेच होते; त्यातले मात्र सपाट होते.