दुबे सरांना मराठी येत नाही

विजयाबाईंचे ओठ हलत होते, पण लॅपटॉपमधून आवाजाचा पत्ता नव्हता. मंदाताईंनी आधी स्वतःचे कान चोळले, मग लॅपटॉपच्या कडेला एक थाप दिली, जुन्या रेडिओला द्यायच्या तशी.

"आई, त्याला मारून काय होणार?" सोनिका म्हणाली. तिला पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. आपल्या घरातली खोली तिला द्यायची की नाही, हे पडद्यावरच्या या बाई आज बोलून ठरवणार होत्या. संध्याकाळी दुसरी एक मुलगी खोली बघायला येणार होती.

मायलेकींच्या मध्ये बसले होते वरच्या मजल्यावरचे दुबे सर. जुना लॅपटॉप रांगायला लागला म्हणून त्यांनीच त्यात लिनक्स नावाची हलकी, फुकटातली प्रणाली घातली होती. तेव्हापासून तो पळत होता खरा, पण मुका झाला होता, हे आज कळलं. सरांनी एक काळी खिडकी उघडली. तिच्यात हिरव्या पट्ट्या वरखाली नाचू लागल्या.

"आवाज़ तो आ रही है, भाभीजी," ते म्हणाले. "बस, जा कहीं और रही है।"

मंदाताईंना शब्द कळले, पण अर्थ लागेना. आवाज आलाय तर ऐकू का येत नाही, आणि गेलाय तर घरातून गेला कुठे?

पडद्यावर विजयाबाईंनी कानाला हात लावला आणि मान हलवली.

"बघ, त्यांनाही सुनाई देत नाहीये," सोनिका म्हणाली. ती रडकुंडीला आली होती.

मग मंदाताईंची जीभ सुटली. माधवगंजात, हिंदी मुलखात राहून मायलेकींना एक सवय जडली होती. भाजीवाला असो की डॉक्टर, खाजगी काही बोलायचं तर सरळ मराठीत, अगदी समोरच्याच्या नाकासमोर. आजवर ही युक्ती कधी फसली नव्हती.

"बाई खाष्ट दिसते गं," दुबे सरांकडे बघून गोड हसत त्या म्हणाल्या. "आठाला फाटक बंद करते म्हणे. घर आहे की जेल?"

"आई, हळू बोल ना."

"सरांना कुठे मराठी येतं? आणि ती तर मुकीच बसलीये."

"दो साउंड कार्ड हैं," सर पुटपुटले. "यह टीवी वाले को पकड़ के बैठा है।" लॅपटॉपला टीव्ही जोडलेलाच नव्हता, आणि तो सगळा आवाज त्या नसलेल्या टीव्हीला पाठवत होता.

मंदाताईंचं हसू मावळलं. कितीतरी दिवस पोटात दाबलेलं वर आलं. "खरं सांगू, सोनू? हा आवाज न लागो, असं वाटतंय मला. तू गेलीस की मी स्वयंपाक कोणासाठी करू? त्या बाईने नाही म्हणावं, असं सकाळी देवाला सांगून आलेय मी."

सोनिका आईकडे बघतच राहिली. दुबे सरांसमोर रडताही येत नव्हतं.

पडद्यावर विजयाबाईंनी चष्मा काढला आणि त्या तशाच थांबल्या.

"आता फोटोही अटकला," मंदाताई म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले.

"मिल गया," म्हणत सरांनी एक बटण दाबलं. एकदम कुकरची शिट्टी ऐकू आली. मंदाताईंनी सवयीने स्वयंपाकघराकडे पाहिलं. शिट्टी पुण्याची होती.

"फाटक दहाला बंद होतं," विजयाबाई म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता. "आठाचं तुम्हाला कोणी सांगितलं?" मग त्या म्हणाल्या, "खोलीत दोन पलंग आहेत. पोरीला सोडायला याल तेव्हा परतीचं तिकीट लगेचचं काढू नका."

मंदाताईंच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. हसावं की तोंड लपवावं, त्यांना समजेना.

दुबे सर मात्र आपल्या कामगिरीवर खूश होते. "भाभीजी, यह भी देख लूँ? आपकी आवाज़ उधर पहुँच रही है कि नहीं?"

"रहने दीजिए, भाईसाहब," मंदाताई म्हणाल्या. "पहुँच गई।"