पिस्टनवरचा बाण

जुन्या मोटारसायकलच्या पिस्टनवर कोरलेला बाण धूर निघतो त्या बाजूला हवा, हे तर भाचीला झोपेतही ठाऊक होतं. तरी टेबलावरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उचललं, तर बाण तिच्याकडे!

"बाईसाहेब, चुकलात की!" मामा हसला. "आज जमलं नाही तर गाडी भंगारात. ठरलंय ना आपलं?"

"मी नाही चुकले, मामा!"

सगळं उतरवून तिने बाण नीट केला, पिस्टन अडकवणारी पिन घातली, ती निसटू नये म्हणून लॉक बसवले. आता पिस्टन फिरणं शक्यच नव्हतं. हेड ठेवून ती टेबलाच्या डाव्या टोकाला गेली आणि खात्रीसाठी परत उचललं. बाण तिच्याकडेच.

मामाचं हसू मावळलं. "राहू दे पोरी. देऊन टाकू."

"अजिबात नाही! माझ्याकडेच बघायचंय ना याला? बघू दे!"

धूर निघतो त्या बाजूला ती पाय रोवून उभी राहिली. आत काहीतरी करकरलं. बाण सावकाश फिरला आणि हवा होता तिथेच थांबला.

"हेड ठेव आणि आवळ बोल्ट, मामा. मी हलत नाही."

मामाने शेवटचा बोल्ट आवळला.

"जिंकले!" म्हणत ती ऐटीत एक पाऊल बाजूला सरली.

टेबलावरचं अख्खं इंजिन तिच्याकडे वळलं.