वैजयंताचा नेम

श्रीरामपुरात दर रविवारी फक्त बायकांना बंदूक चालवायला शिकवतात. गोळीबाराच्या आवाजानं कानठळ्या बसू नयेत म्हणून सगळ्याजणी कानांवर हेडफोनसारखे जाड मफ चढवतात. कोल्हारची वैजयंता घरातल्या सगळ्यांचा स्वयंपाक उरकून, एसटीत उभ्यानं येते. बाकीच्यांचे नेम आता लागायला लागलेत. हिच्या गोळ्या अजून मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात जातात.

आज वर्ग सुटल्यावर शिकवणाऱ्या शॅरन मॅडम तिच्याजवळ येऊन बसल्या.

"ताई, खरं सांगा. घरी कुणी त्रास देतं का?"

"न्हाई ओ. समदी चांगली हायेत. सकाळपासून हाका मारत्यात, तेवढंच. टॉवेल कुठंय, चहा झाला का, माझा चार्जर बघितला का."

"मग उसातल्या बिबट्याची भीती वाटते?"

"त्यो बिचारा गप येतो, गप जातो."

मॅडमना हसू आलं, पण त्यांना बोलणं भाग होतं. "बंदुका मोजक्याच आहेत, ताई. एक नवीन मुलगी कधीची थांबलीये. तुमचं मन काही यात दिसत नाही. पुढच्या रविवारी तुमची जागा तिला देऊ का?"

वैजयंतानं गळ्यात उतरवलेले मफ दोन्ही हातांनी घट्ट धरले.



"बंदूक द्या की तिला, मॅडम. मला नुसतं ह्ये कानाला लावून तासभर मागं बसू द्या."